मामांची स्टॉर्म आणि ओला फडका

प्रश्न : माझं वय ३३. गंगापूर रोडला सोसायटीत राहतो. माझ्या मामांकडे सॅन स्टॉर्म होती, लाल रंगाची, दोन सीटची, सन २००० ची. मामा दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, मामींनी चावी माझ्या हातात ठेवली. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. पण त्र्यंबक रोडला जाऊन चहाला दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काहीही न करता चालू होते. दुसरं म्हणजे, रात्री हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा टुणकन वर जातो आणि इंडिकेटर दिला की लाइट त्याच्या तालावर मंद-मोठे होतात. गॅरेजवाल्याने आधी पेट्रोलचा पंप बदलला, मग कॉइल बदलली. दोष तसाच. त्यांचा स्कॅनर या गाडीला लागत नाही. आता ते म्हणतात, काटा वर जातोय म्हणजे हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. आई म्हणते, विकून टाक. मला हाताने काम करायला आवडतं, पण पाने-पक्कड यापलीकडे फारसं येत नाही. गाडीत मामांची एक वही सापडली. तीत किलोमीटर, पेट्रोल असं लिहिलेलं आहे आणि एका पानावर नुसतं एवढंच : ‘थांबलो की बोनेट उघडे ठेवणे.’ काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

इंजिन खोलू देऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हा निरोप आजच गॅरेजला द्या.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसवलेला, गळती रोखणारा पातळ थर. ते गेलं की त्याच्या खुणा दिसतात. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कुठे गळत नसताना कमी होत राहतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा पांढरट थर धरतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. यातलं एकही तुमच्या पत्रात नाही. तुमचा काटा हेडलाइटचं बटण दाबल्याबरोबर वर जातो. आता असं बघा, इंजिन म्हणजे धातूचा मोठा गोळा आणि त्यात फिरणारं काही लिटर पाणी. ते दिव्याचं बटण दाबल्यावर एका क्षणात तापणं शक्यच नाही. तापमान वाढलेलं नाही, फक्त काटा हललाय. आणि काटा विजेवर चालतो.

स्टॉर्म फार वाचकांनी पाहिलेली नसेल म्हणून दोन ओळी. गोव्यात बनलेली ही छोटी स्पोर्ट्स कार १९९८ च्या सुमारास बाजारात आली. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, साठेक अश्वशक्तीचं, इंजेक्शनवालं. साठ म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही, पण गाडी हलकी आणि जमिनीलगत, त्यामुळे चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आकड्यात मावत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : हिची बॉडी पत्र्याची नाही, फायबरची आहे. तुमच्या दोन दोषांपैकी एकाचं मूळ बहुधा इथंच आहे.

पत्र्याच्या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. दिव्याला, हॉर्नला, काट्यांना जाणारी वायर एकच, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा सगळा पत्रा. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून फायबरच्या गाडीत प्रत्येक दिव्याला परतीचीही वायर ओढावी लागते आणि अशा बऱ्याच वायरी एकत्र करून खालच्या लोखंडी चौकटीला एका बोल्टाने आवळतात. ह्यालाच आपण अर्थ म्हणतो. पंचवीस पावसाळे खाल्लेल्या चौकटीवर त्या बोल्टाखाली गंज धरला की करंटला परत जायला वाट अरुंद होते.

मग काय होतं? तुमच्याच सोसायटीत बघा. सगळ्या मजल्यांच्या सांडपाण्याचा एकच पाइप खाली उतरतो. तो चोंदला की चौथ्या मजल्यावर कुणी बादली ओतली तरी पाणी तळमजल्याच्या न्हाणीत तुंबतं. तळमजल्यावरच्याने नळ उघडलेलासुद्धा नसतो. तुमच्या गाडीत हेडलाइट हा चौथा मजला आणि टेंपरेचरचा काटा हा तळमजला. दोघांचा परतीचा बोल्ट एकच असणार. इंडिकेटरच्या तालावर लाइट मंद होतात तेही याच पाइपचं लक्षण.

हे मान्य करायला माझ्या शब्दाची गरज नाही, मोजून बघता येतं. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, फार महागाचा नको. डीसी व्होल्टच्या छोट्या रेंजवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर घट्ट धरा, म्हणजे खांबावर, वायरच्या क्लिपवर नाही. हेडलाइट लावा. लाल पिन हेडलाइटच्या मागच्या प्लगमध्ये परतीच्या वायरला टेकवा. वायरचे रंग पंचवीस वर्षांत कुणी बदलले असतील सांगता येत नाही, तेव्हा आधी ओळखून घ्या : ज्या वायरवर बॅटरीइतका आकडा येतो ती येणारी, दुसरी जाणारी. जाणाऱ्या वायरवर चांगल्या गाडीत ०.१ व्होल्टच्या आसपास दिसतं. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसलं तर चोर सापडला. तसंच धरून इंडिकेटर द्या. आकडा इंडिकेटरच्या तालावर उड्या मारताना दिसेल. एकदा ते डोळ्यांनी पाहिलंत की पुढे कुणी काहीही सांगितलं तरी तुम्ही डगमगणार नाही.

अशीच तपासणी इंजिनाचीही करा. काळी पिन तिथेच, लाल पिन इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ च्या वर गेलं तर इंजिनाची जाड अर्थ पट्टी काढून साफ करा किंवा बदला.

दुरुस्ती अगदी साधी आहे, फक्त अर्धवट करू नका. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. अर्थचा बोल्ट खोला. वायरच्या टोकाचं कडं आणि चौकटीवरची जागा पॉलिश पेपरने घासा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. बोल्ट आणि वॉशर नवे लावा, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासा. आधी नाही, नंतर. कडं हिरवं पडलेलं असेल तर ते कापून नवं दाबून बसवा. वर टेप गुंडाळून भागवू नका, टेपखाली पाणी राहतं. आणि हात तिथे आहेच तर वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघा. बंद उभ्या राहणाऱ्या गाडीचा तो मोठा शत्रू आहे.

हे मी इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. मी सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, काम केलं. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी गाडी होती. एका पावसाळ्यात ती मध्येच मिस मारू लागली. मी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. टूलरूममध्ये मायक्रोमीटर लावल्याशिवाय नगाला हात न लावणारा माणूस मी, पण घरच्या गाडीचं मी काहीच मोजलं नाही. शेवटी एकदा ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लागला आणि चटका बसला. इंजिनाची अर्थ पट्टी तुटली होती, आणि सेल्फचा सगळा करंट त्या बारीक केबलमधून परत जात होता. पट्टीची किंमत त्या काळी चहा-भज्यांपेक्षा जास्त नव्हती. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी एकही पार्ट विकत घेतलेला नाही. तुमचा पंप आणि कॉइल गेले ते गेले. तिसरा पार्ट मात्र मोजल्याशिवाय घेऊ नका.

आता गरम झाल्यावर रुसण्याचं. तुमच्या मामांना हा दोष माहीत होता. ‘थांबलो की बोनेट उघडे ठेवणे’ ही ओळ वाचून मी थांबलो. त्यांनी दोष दुरुस्त केला नसेल, पण नीट पाहिला होता. चालत्या गाडीत पंखा आणि वारा इंजिनाभोवतीची उष्णता ओढून नेतात. गाडी थांबवून बोनेट बंद ठेवलं की ती उष्णता वर साठते, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं इंजिनाच्या आजूबाजूच्या वस्तू चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. मामा बोनेट उघडून ती वाफ घालवत होते. म्हणजे उष्णतेने बिघडणारी आणि थंड झाल्यावर सुधारणारी अशी एखादी वस्तू आहे. यांत माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर.

तो काय करतो ते सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे वरच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर, अंगठ्याएवढी एक काळी वस्तू दोन बोल्टांवर बसवलेली असते. आत एक चुंबक, भोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. दाते समोरून गेले की त्या तारेत इवलासा करंट उमटतो. इंजिन फिरतंय, किती वेगाने फिरतंय, पिस्टन कुठे आहे, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला यावरूनच कळतं. हा संदेश आला नाही तर कॉम्प्युटर समजतो की इंजिन उभं आहे. मग तो ठिणगी देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. वर्षानुवर्षं तापून-निवून ती बारीक तार आतून कुठेतरी तुटत आलेली असते. थंड असताना टोकं टेकलेली, गरम झाली की सुटतात. जुन्या रेनॉ गाड्यांमध्ये हे दुखणं जगभर ओळखीचं आहे.

गॅरेजवाल्यांनी पंप का बदलला तेही यातून कळतं, आणि त्यांना मी पूर्ण दोष देणार नाही. चावी ऑन केली की पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. पुढे सेल्फ मारल्यावर तो चालू राहतो, पण कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय असं कळलं तरच. सेन्सर गप्प असेल तर सेल्फ मारतानाही पंप बंद. त्यांनी पाहिलं, पंप चालत नाहीये, बदलला. प्लगला करंट नाहीये, कॉइल बदलली. दोन्ही गोष्टी खऱ्याच दिसल्या असतील. पण एकाच वेळी ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही असं असलं की दोघांना हुकूम देणाऱ्याकडे बघायचं असतं.

तुमची अडचण अशी की दोष फक्त अर्धा तास टिकतो, आणि तोही त्र्यंबक रोडवर. त्याला घरी बोलवा. गाडी वीसेक मिनिटं चांगली फिरवून आणा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावा, बोनेट बंद करून दहा मिनिटं थांबा. वॉचमनला आधी सांगून ठेवा, म्हणजे मध्येच कुणी गाडी काढायला आलं तर तारांबळ उडणार नाही. मल्टिमीटर, एक जुना चालू स्पार्क प्लग, दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर आणि प्लास्टिकच्या पिशवीत पिळलेला ओला फडका, एवढं जवळ ठेवा.

सेल्फ मारा. इंजिन पकडत नाही ना? चांगलं झालं. आता सेल्फ फिरत असताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. नेहमी सेल्फ मारताना तो थोडा थरथरतो, वर उचलतो. तो मेल्यासारखा शून्यावर पडून असेल तर सेन्सरवरचा संशय पक्का होत चालला.

मग ठिणगी बघा. एका सिलिंडरची प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग क्लिपच्या वायरने इंजिनाला जोडा. बॉडीला नव्हे, इंजिनाला. फायबरला जोडलंत तर ठिणगी असूनही दिसणार नाही आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. प्लग हातात धरायचा नाही, एखाद्या जागी बसवून ठेवायचा, लांब उभं राहायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. ठिणगी उडालीच नाही तर सेन्सरवरचा संशय आणखी पक्का. या इंजेक्शनच्या गाड्यांचा झटका जुन्या पद्मिनीसारखा नसतो, माणूस फेकला जातो. आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका, आधी गळती शोधा.

आता ओला फडका. चावी बंद करा. सेन्सर शोधा, पिळलेला फडका त्यावर दाबून धरा, दोन-तीन मिनिटं. बाकीच्या कनेक्टरांवर पाणी जाऊ देऊ नका. रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब, चावी बंद असतानाही काही गाड्यांत तो स्वतःहून फिरतो. फडका काढा आणि सेल्फ मारा. अर्ध्या तासाऐवजी तीन मिनिटांत गाडी चालू झाली, तर सेन्सरने कबुली दिली असं समजा.

पक्कं करायचं तर सेन्सरचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. सकाळी थंड असताना एकदा, दोष आलेला असताना एकदा. दोन्ही आकडे वहीत लिहा. थंडमध्ये काहीतरी आकडा आणि गरममध्ये मीटरवर रेंजबाहेरचं चिन्ह आलं, तर आतली तार सुटते आहे. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखाच आला, तर सेन्सरवर लगेच खर्च करू नका. कनेक्टरच्या पिना आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंतची वायर हलवून बघा, मग रिलेकडे, म्हणजे पंप वगैरेंना वीज जोडणाऱ्या छोट्या विजेच्या स्विचकडे, जा. आणखी एक : सेन्सर काढलात की त्याच्या टोकावर चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस दिसेल, काळ्या मिशरीसारखा. तो पुसून काढा. क्वचित तेवढ्यानेही काम भागतं.

नवा सेन्सर नाशिकमध्ये ‘स्टॉर्मचा द्या’ म्हणून मिळणार नाही. जुन्यावर कोरलेला नंबर वाचा, फोटो काढा, त्या नंबराने मागवा. हेच इंजिन त्या काळात युरोपात रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं, त्यामुळे जग मोठं आहे. स्टॉर्म दुर्मीळ असली तरी तिचं इंजिन दुर्मीळ नाही, हे मनात ठेवा. इंजिनाव्यतिरिक्त बुश, स्लीव्ह, ब्रॅकेट असं काही लागलं तर आपल्या गावासारखं गाव नाही. अंबड-सातपूरला छोट्या शेडमध्ये असे टर्नर बसलेत की जुना झिजलेला नमुना हातात दिला तर संध्याकाळपर्यंत नवा करून देतील. जाताना फक्त माप स्वतः घेऊन जा.

ही दोन दुखणी गेली की तुम्हाला लगेच कसारा घाट दिसू लागेल, मला माहीत आहे. थांबा. तीन गोष्टी झाल्याशिवाय ही गाडी घाटात न्यायची नाही.

पहिली, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दात्यांचा पट्टा. मामांच्या वहीत तो कधी बदलला ते शोधा. सापडलं नाही तर बदललेलाच नाही असं धरा. रबराचा बेल्ट किलोमीटरनेच नाही तर वयानेही मरतो. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनरही नवा, आणि वॉटर पंप हाताने फिरवून, हलवून बघायचा. हे काम घरी करू नका. एक दाता चुकला तरी इंजिनाची घडी बिघडते. ज्याने रेनॉचं इंजिन पूर्वी खोललंय असा माणूस शोधा, आणि कामाच्या वेळी शेजारी उभं राहा.

दुसरी, पेट्रोलचे पाइप. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्याला ऊस आणि इथेनॉल नवं नाही, पण १९९८-२००० च्या रबराला ते नवं आहे. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं किंवा तडे पाडतं, आणि ओल धरतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदला. पाइप घेताना दुकानदाराला ‘इंजेक्शनच्या गाडीचा’ असं स्पष्ट सांगा. इंजेक्शनमध्ये पेट्रोल तीनेक बार दाबाने जातं, कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाइप दिसायला तसाच असतो पण तो दाब पेलत नाही. फुटला तर गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा, आणि भोवती फायबर. फायबर पेटलं की विझत नाही लवकर. क्लिपाही नव्या घ्या. गाडीत एक अग्निशामक सिलिंडर सीटजवळ बांधून ठेवा. हे तर घाटात न गेलात तरी करा.

तिसरी, ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डबीतलं ऑइल चहासारखं काळपट दिसलं तर वाट बघू नका. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

कूलंटचं थोडक्यात. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. तयार कूलंट तसंच घाला, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं मिसळून. भरल्यावर हवा काढायचे छोटे स्क्रू असतील ते उघडून पाणी सलग येईपर्यंत हवा जाऊ द्या. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. जुनं कूलंट आणि ऑइल गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. गटारात ओतलेलं शेवटी नासर्डीतून गोदेलाच जातं.

आता जॅकबद्दल, कारण स्टॉर्मसारख्या गाडीला सगळ्यात जास्त जखमा इथेच होतात. पंक्चरवाला पोरगा सवयीने दाराखालच्या कडेला जॅक लावतो. पत्र्याच्या गाडीत तिथे मजबुती असते. तुमच्या गाडीत तिथे फायबर आहे. कर्रर्र असा आवाज येतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पसरतात. जॅक फक्त लोखंडी चौकटीला. गाडीखाली वाकून जागा शोधा, पांढऱ्या रंगाने चार खुणा करा आणि गाडी कुणाच्याही हातात देताना त्या दाखवा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. दोन घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची, मगच आडवं व्हायचं. तुमच्या आईच्या काळजीला मी एवढ्यासाठी मान देतो.

फायबर गंजत नाही म्हणून लोक निश्चिंत राहतात, आणि खाली चौकट गंजत असते. पाऊस संपला की सीटखालचा गालिचा उचला. छपराच्या कडेने आलेलं पाणी तिथे साचतं. बॉडी जिथे चौकटीला बोल्टने बसते तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथला रंग खरवडून बघा. रंगातले बारीक तडे घाबरण्यासारखे नाहीत, पण बिजागरी किंवा बोल्टाभोवती तडा असेल तर तो आतून रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि मॅट (काचतंतूंची चटई) लावून भरून घ्यावा लागतो. फायबरची घसरगुंडी, टाक्या बनवणारे कारागीर ते काम करू शकतात, पेंटरकडे आधी जाऊ नका. घासताना मास्क लावा, फायबरची धूळ फुप्फुसाला वाईट.

गाडी उभी ठेवायची वेळ आली तर दररोज पाच मिनिटं चालू करून बंद करण्याचा जो रिवाज आहे तो सोडा. इंजिन नीट तापत नाही, आतली ओल सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर.

कागदांचं. गाडी मामींच्या नावावर वारसाने आणणं ही पहिली पायरी. त्यासाठी फॉर्म ३१. मालक गेल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असा नियम आहे. कळवायची मुदत उलटून गेली आहे, कळवलं नसेल तर दंडाची तयारी ठेवा, पण तीन महिन्यांची अजून हातात आहे, पेठ रोडला याच आठवड्यात जा. त्यानंतर मामींकडून तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. विमाही बदलून घ्या. मेलेल्या माणसाच्या नावाच्या विम्यावर अपघात झाला तर फार मनस्ताप होतो. गाडीची पंधरा वर्षं केव्हाच झालीत, म्हणजे दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नूतनीकरण लागतं. आरसी बुकवरची शेवटची तारीख बघा. संपली असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, वरची सगळी चाचणी पार्किंगमध्येच करा. इंजिन उभ्या जागीही तापतं. कुणी म्हणेल व्हिंटेज म्हणून सूट मिळेल, तर ती पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहे.

आणि तुमचा खरा प्रश्न, विकायची का. आज विकलीत तर घेणारा हेड गॅस्केट गेलेल्या गाडीचा भाव देईल, आणि मला तरी वाटतं की ते गेलेलं नाही. आईंना सांगा, दोन रविवार द्या. पहिल्या रविवारी अर्थ, दुसऱ्या रविवारी सेन्सर. एका रविवारी दोन्ही बदलू नका, नाहीतर कशाने सुधारली ते कळणार नाही. बेल्ट, पाइप आणि ब्रेकच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तो आकडा बघून आई, मामी आणि तुम्ही मिळून ठरवा. माझं मन विचाराल तर ठेवा. मामींनी चावी विकायला दिलेली नसावी. पण घरात पार्किंग नसेल, खर्च जड जात असेल, तर चालू अवस्थेत, कागद पुरे करून, ज्याला ही गाडी काय आहे ते कळतं अशा माणसाला द्या. त्यातही काही वाईट नाही.

सेन्सरचे थंड आणि गरम असे दोन्ही आकडे मामांच्याच वहीत, त्या बोनेटच्या ओळीखाली लिहा, आणि मला कळवा. गरममध्ये मीटर गप्प झाला नाही तर पुढची तपासणी रिलेपासून कशी करायची ते मी पुढच्या वेळी लिहीन.